समुपदेशकांचे प्रशिक्षण
समुपदेशकांचे प्रशिक्षण : अडचणीत सापडलेल्या व्यक्तीस स्वतःचा निर्णय स्वतः घेता यावा, म्हणून तिला साहाय्य करणाऱ्यास लागणारे ज्ञान व कौशल्ये देण्याची व्यवस्था. सल्ला देणारी वडीलधारी माणसे प्रत्येक समाजात असतात; तथापि हे काम पद्धतशीरपणे शिकविता येते, ही कल्पना मुख्यतः विसाव्या शतकातील आहे.

फ्रँक पार्सन्झ (१८५४–१९०८) यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र स्थापिले. स्वतःची जाण, व्यवसायांची माहिती आणि या दोहोंच्या संबंधाचा युक्त विचार ही त्यांची त्रिसूत्री मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या चूझिंग अ व्होकेशन (१९०९) या ग्रंथात आढळते. पुढे मिनेसोटा विद्यापीठात ई. जी. विल्यमसन यांनी मानसशास्त्रीय कसोट्या व निदान यांवर भर दिला. दोन्ही पद्धतींत प्रशिक्षण म्हणजे प्रामुख्याने माहितीचा संचय होय. प्रत्यक्ष भेटीत काय घडते, हे बंद दाराआडच राहत असे.

ते दार ध्वनिमुद्रणाने उघडले. कार्ल रॉजर्स (१९०२–८७) यांनी ओहायओ राज्य विद्यापीठात समुपदेशनाच्या भेटी तबकड्यांवर मुद्रित करविल्या. त्या काळी तबकडी दर काही मिनिटांनी बदलावी लागे, हे लक्षात घेता हा खटाटोप लहान नव्हता. त्यांच्या १९४२ च्या ग्रंथात एका व्यक्तीच्या आठ भेटींचा संपूर्ण संवाद छापलेला आहे. निदेशक पद्धतीचे समुपदेशक अनिदेशक समुपदेशकांपेक्षा कितीतरी अधिक बोलतात, हेही अशा मुद्रणांतून उघड झाले. स्वतःचे बोलणे पुन्हा ऐकणे, हा तेव्हापासून प्रशिक्षणाचा गाभा ठरला. १९५७ मध्ये रॉजर्स यांनी समानुभूती, बिनशर्त स्वीकार व आंतरिक सुसंगती यांना परिवर्तनाच्या आवश्यक अटींत स्थान दिले.

सोव्हिएट रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेने १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण अधिनियमान्वये शालेय समुपदेशकांच्या प्रशिक्षणास अनुदान दिले. हुशार विद्यार्थी हेरणे हा त्यामागील हेतू होता. मोठ्या संख्येने माणसे थोड्या अवधीत तयार करावयाची, तर कौशल्यांचे सुटे भाग पाडणे ओघानेच आले. ॲलन आयव्ही व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये सूक्ष्म-समुपदेशन मांडले : छोटी भेट दृश्यफितीवर घ्यावयाची, एकच कौशल्य नमुन्यावरून अभ्यासावयाचे व भेट पुन्हा घ्यावयाची. नजरेस नजर देणे हे त्यांतील पहिल्या कौशल्यांपैकी एक. आपल्याकडे वडिलांसमोर मान खाली घालणे ही मर्यादा समजली जाते. तेव्हा हे कौशल्य जसेच्या तसे उचलणे धोक्याचे आहे.

समोरच्याचे शब्द परत उच्चारणे म्हणजेच समानुभूती, असा यांत्रिक समज या काळात पसरला. खुद्द रॉजर्स यांनी १९७५ च्या लेखात त्याबद्दल नापसंती व्यक्त केली. ही तक्रार रास्त होती. मात्र सुटे भाग न पाडता नवशिक्यास काय शिकवावे, याचे उत्तर तीतून मिळत नाही.

भारतात माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३) शाळांतील मार्गदर्शनाचा पुरस्कार केला व १९५४ मध्ये केंद्रीय मार्गदर्शन विभाग निघाला. आरंभीचा भर कसोट्या व व्यवसायमाहिती यांवरच होता. २०२१ च्या संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायविषयक अधिनियमाच्या अनुसूचीत एचआयव्ही व कुटुंबनियोजन समुपदेशकांचा समावेश झाला. शालेय समुपदेशकाच्या किमान पर्यवेक्षित अनुभवाचा प्रश्न मात्र त्यातून सुटत नाही.