जखमेचे मोल आणि वकिलाचा वाटा

रेल्वे-अपघातात घरचा कर्ता गेला, तर बायकामुलांनी दाद कोठे मागावी? जुन्या इंग्रजी कायद्याप्रमाणे दाव्याचा हक्क मृताबरोबरच संपे. म्हणजे कंपनीला जखमीपेक्षा मेलेला माणूस स्वस्त पडे! १८४६ साली इंग्लंडात व १८५५ साली हिंदुस्थानात कायदा होऊन वारसांना भरपाई मागता येऊ लागली. पण गरिबाने वकील करावा कशाच्या बळावर? अमेरिकेतील वकील अशा दाव्यात आगाऊ फी घेत नाही. जिंकल्यास बहुधा तिसरा हिस्सा घेतो, हरल्यास त्याचे श्रम फुकट. आपल्याकडे १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने असा वाट्याचा करार हे वकिलाचे गैरवर्तन ठरविले. दाव्यात भागीदार झालेल्या वकिलाची निःस्पृहता टिकणे कठीण, हे आम्हांस पटते. तरी फीपायी कोर्टाच्या पायरीवरून परतणारी विधवा आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.