बेळगावची सायकल आणि बंगळूरची मोटर

सन १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बंधू रामूअण्णांच्या साहाय्याने बेळगावात सायकलींच्या विक्रीचे व दुरुस्तीचे जे लहानसे दुकान मांडले, त्यातूनच पुढे लोखंडी नांगर निघाला आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या उजाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, ही हकीकत मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. परंतु लक्ष्मणरावांचे चिरंजीव रवि किर्लोस्कर यांनी १९४६ साली बंगळुरात विजेच्या मोटरींचा कारखाना काढला, या उत्तरार्धाकडे मात्र आपले दुर्लक्षच झाले आहे. बंगळूर ज्यात होते ते म्हैसूर संस्थान विजेच्या बाबतीत फार पूर्वीपासून अग्रेसर होते. शेषाद्री अय्यर यांच्या दिवाणगिरीत योजलेल्या शिवनसमुद्रच्या केंद्रातून १९०२ मध्ये कावेरीची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत गेली, व १९०५ च्या ऑगस्टात बंगळूरच्या रस्त्यांवर तिचे दिवे लागले. पुढे याच शहरात २००१ साली ‘रेवा’ ही विजेची मोटारगाडी विक्रीस आली आणि २०१८ मध्ये ‘एथर’ची स्कूटर रस्त्यावर धावू लागली.

पित्याची सायकल आणि पुत्राची मोटर आज विजेच्या दुचाकीत एकत्र नांदतात. आणि कचेरीला रोज तीवरून जाणाऱ्या नोकरदाराची बॅटरी थकली, की त्याची पावले बंगळूरच्या एस. पी. रोडवरील विद्युत्-सामानाच्या बाजाराकडे वळतात. जुन्या गाडीत बारा-बारा व्होल्टच्या चार जड लेड-ॲसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्या काढून लिथियमचा हलका संच बसविताना जाणता मिस्त्री प्रथम बाजूस काढतो तो जुना चार्जर. कारण तेरा सेलगटांचा तो संच ५४.६ व्होल्टला पूर्ण भरतो, आणि जुना चार्जर त्याही वर रेटीत राहतो; तेथे हयगय झाली, तर आगीशीच गाठ. मोटरीची ताकद वाढवून घेण्याचा मोह मात्र आवरलेला बरा, कारण २५० वॉट व ताशी २५ किलोमीटर या मर्यादेतील गाडीसच नोंदणीची व परवान्याची माफी आहे, आणि ती ओलांडणारा स्वार कायद्याचे छत्र स्वहस्ते दूर करतो.

माझ्या मते दुरुस्तीच्या या धंद्याचे खरे दुखणे निराळेच आहे. सायकल उघडून पाहता येत होती म्हणून बेळगावच्या त्या दुकानातून कारखानदार निपजला. आजच्या कित्येक बॅटऱ्या डिंकासारख्या रसायनाने लिंपलेल्या आणि मोटरीचे कंट्रोलर सांकेतिक कुलुपात बंद असतात, त्यामुळे एखादा सेलगट बिघडला तरी अख्खा संच टाकून देण्याची पाळी येते. कारखानदारांनी सुटे भाग खुल्या बाजारात विकावे, जोडणीचे नकाशे प्रसिद्ध करावे, आणि सुरक्षिततेचे शिक्षण घेतलेल्या मिस्त्र्यास दुरुस्तीची मुभा द्यावी; सरकारनेही तसा नियम करण्यास आता विलंब लावू नये.