चिकणमातीतील विसरण आणि त्याचे मोजमाप

पाण्यात विरघळलेला पदार्थ जास्त प्रमाणाच्या जागेकडून कमी प्रमाणाच्या जागेकडे आपोआप पसरतो. या क्रियेला विसरण म्हणतात. पाणी स्थिर असले तरी ती चालूच राहते. वाळूतून किंवा मुरमातून पाणी झपाट्याने पाझरते आणि क्षार, नायट्रेट किंवा सांडपाण्यातील घटक त्याच्याबरोबर वाहून जातात. तिथे विसरणाचा वाटा नगण्य असतो. घट्ट चिकणमातीतून मात्र पाणी जवळजवळ हलत नाही. तिथे प्रदूषक पुढे सरकतो तो मुख्यतः विसरणानेच.

भवानीनगरची काळी माती

इंदापूर तालुक्यातील भवानीनगर आणि शेजारचा बारामती तालुका हा नीरा डाव्या कालव्यावरचा ऊसपट्टा आहे. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली काळी माती येथे बऱ्याच शिवारांत आढळते. तिच्यातील चिकणकण ओले झाले की फुगतात आणि वाळले की आकसतात, म्हणून उन्हाळ्यात जमीन भेगाळते. कालव्याचे पाणी भरपूर आणि निचरा अपुरा असेल तर अशी जमीन खारवट किंवा चोपण होते. ती सुधारताना क्षार मातीतून किती दिवसांत बाहेर पडतील, हा प्रश्न शेतकऱ्याच्या थेट खर्चाचा असतो. दुसरा प्रश्न विहिरींचा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. खतातील नायट्रेट किती खोल उतरेल, हे समजण्यासाठीही विसरणाचा वेग माहीत असावा लागतो.

फिकचा नियम

जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये विसरणाचा नियम मांडला. दोन जागांमधील प्रमाणाचा फरक जितका जास्त आणि अंतर जितके कमी, तितका पदार्थ वेगाने सरकतो. हा वेग ठरवणाऱ्या आकड्याला विसरण गुणांक म्हणतात. मोकळ्या पाण्यात क्लोराइडचा गुणांक सेकंदाला सुमारे ०.००२ चौरस मिलिमीटर असतो. मातीत कणांना वळसे घालून जावे लागते, म्हणून तो बराच कमी भरतो.

गुणांक ०.०००५ धरला, तर ढोबळ हिशेबाने १ सेंटिमीटर अंतराला एक दिवसाहून थोडा अधिक, १० सेंटिमीटरला सुमारे चार महिने आणि १ मीटरला जवळपास ३२ वर्षे लागतात. अंतर दहापट वाढले की वेळ शंभरपट वाढतो.

प्रयोगशाळेतील पद्धत

मातीची साधारण २ सेंटिमीटर जाडीची चकती कड्यात घट्ट बसवून पाण्याने पूर्ण भिजवतात. माती फुगू नये म्हणून दोन्ही बाजूंनी सच्छिद्र चकत्या लावतात. एका बाजूला क्षाराचे द्रावण आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ पाणी ठेवतात. दोन्हीकडचा दाब सारखा राखला जातो. नाहीतर पाणीच वाहू लागेल आणि मोजमाप चुकेल. स्वच्छ बाजूला किती क्षार जमला, हे ठरावीक वेळाने तपासतात.

आलेख काढला की सुरुवातीला रेषा जवळजवळ सपाट असते, मग ती सरळ चढू लागते. चढावरून मातीतून किती पदार्थ पार होतो ते कळते. ही सरळ रेषा मागे वाढवली की ती जिथे काळाच्या अक्षाला छेदते, त्यावरून पदार्थाला लागलेला विलंब मिळतो. क्लोराइड आणि नायट्रेट यांना ऋणभारित चिकणकण धरून ठेवत नाहीत. पोटॅशियम, अमोनियम किंवा शिसे मात्र कणांना चिकटते, त्यामुळे त्यांचा विलंब कितीतरी मोठा असतो.

शेतातील पद्धत

शेतात नळीने खोलवरचा मातीचा गाभा काढतात, त्याचे ५ किंवा १० सेंटिमीटरचे तुकडे करतात आणि प्रत्येकातील क्षार मोजतात. खोलीनुसार प्रमाण सलग, गुळगुळीत उतरत गेले तर ते विसरणाशी जुळते. मध्येच उसळी दिसली तर पाणी भेगेतून उतरल्याची शंका येते. चकतीवरचा आकडा थेट शिवाराला लावता येत नाही तो या भेगांमुळेच. कोरड्या मातीत पाण्याची सलग वाट तुटते आणि विसरण खूप मंदावते. म्हणून गुणांकासोबत मातीचा ओलावाही नोंदवावा लागतो.

उपयोग

जमीन धुताना पाणी भेगांतून पटकन निघून जाते. ढेकळाच्या आतला क्षार मात्र विसरणानेच बाहेर येतो. २ सेंटिमीटरच्या ढेकळातला क्षार एक-दोन दिवसांत बाहेर येऊ शकतो, १० सेंटिमीटरच्या ढेकळाला अनेक दिवस ते काही आठवडे लागतात. म्हणून भारी जमिनीत सलग पाणी साठवण्यापेक्षा थांबून-थांबून पाणी दिल्यास तेवढ्याच पाण्यात जास्त क्षार निघतो, मात्र खाली निचऱ्याची सोय हवी.

प्रदूषणालाही हाच नियम लागू पडतो. चिकणमातीचा थर प्रदूषकाला वर्षानुवर्षे अडवून धरतो, पण आत शिरलेला प्रदूषक मूळ स्रोत बंद झाल्यावरही तितक्याच संथपणे भूजलात परत उतरत राहतो.