नाडी थांबली, हृदय नव्हे

उद्यमनगरातील फाउंड्रीत रात्रपाळी करून परतलेला कामगार दिवसा अंथरुणावर पडतो. डोळा लागत नाही, छाती धडधडते. "योगी हृदय बंद करतात, तुला झोपताही येत नाही?" हा टोमणा आम्ही द्वारसभेत ऐकला आहे. तेव्हा योगी करतो तरी काय, हे शोधणे आम्हांस प्राप्त झाले.

या शोधाचा आरंभ आपल्याच मुलखातला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. विश्वास ठेवा असे न म्हणता त्यांनी योगक्रिया क्ष-किरणांनी नि दाबमापकांनी तपासल्या. आम्हांला त्यांचा मोठेपणा यातच दिसतो.

पुढे वेंगर, बागची आणि दिल्लीचे डॉ. आनंद यांनी हृदय थांबविल्याचे सांगणाऱ्या योग्यांची परीक्षा केली. १९६१ साली निष्कर्ष छापून आले. मनगटावरची नाडी लागेना, हृदयाचे ठोके ऐकू येईनात; परंतु विद्युत्‌आलेख मात्र चालूच होता! श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, म्हणून नाडी लोपते. योग्याने हात घातला तो श्वासाला, हृदयाला नव्हे.

श्वासावर आपली थोडी सत्ता चालते खरी. पण झोपेत ती सोडावी लागते, आणि श्वास तरीही चालतो. त्याची लय मेंदूच्या देठातील एका चिमुकल्या पेशीसमूहात उपजते, असे १९९१ साली उंदरांच्या पिलांवरील प्रयोगांत दिसले. झोपेची वेळ तर मेंदूतले दुसरेच घड्याळ उजेड पाहून ठरवते. पाळीचा तक्ता त्याला वाचता येत नाही.

टोमणा मारणाऱ्यास आम्ही पुढल्या द्वारसभेत एवढेच सांगितले: योग्याचेही हृदय चालूच होते, आणि रात्रपाळीच्या फेरबदलाची आमची मागणी कायम आहे.