उडदाचा लाडू आणि चरकाचे दोन अध्याय

“डॉक्टर, अशक्तपणा वाटतो. उडदाचे लाडू आणि दूध सुरू करू का?” शेवगावात चाळिशीतला माणूस हे विचारतो ते बहुधा शेवटी, उठता उठता, दाराकडे बघत. खरा त्रास वेगळाच असतो. इच्छा कमी झालेली असते आणि ते घरातही कुणाला सांगितलेले नसते. म्हणून आज या लाडवाचा थोडा इतिहास.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला दुसरा अध्याय वाजीकरणाचा. उडीद, साठ दिवसांत पिकणारा साठीचा तांदूळ, दूध, तूप, साखर, मध हे जिन्नस त्यात पुन्हा पुन्हा येतात. तुमच्या आजीचा लाडू याच घराण्यातला. पण तिथेच एक अट आहे, ती जाहिरातीत कुणी छापत नाही. आधी शरीर शुद्ध हवे, खाणे बेताचे आणि वेळेवर हवे. नाहीतर मळक्या कापडावर रंग चढत नाही, तसे हे सारे वाया जाते.

आता सहावा अध्याय उघडा. तो प्रमेहाचा, आपला मधुमेह त्यातच येतो. कारणे काय दिली आहेत? बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ. दूध एका अध्यायात औषध, दुसऱ्यात रोगाचे कारण! यात विसंगती नाही, समोरचा माणूस बदलला आहे. या रोग्याला चरक जवाचे पदार्थ देतो. सुश्रुत तर गरीब रोग्याला शंभर योजने चालायला किंवा विहीर खणायला सांगतो.

आपल्या नगरला गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये आयुर्वेद महाविद्यालय काढले, तेव्हा टेस्टोस्टेरॉन हा शब्दही नव्हता. १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी बैलाच्या वृषणांतून ते वेगळे केले. पुढे कळले की चरबीतले एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर स्त्रीहार्मोनमध्ये करते. पोट सुटलेल्या आणि मधुमेही पुरुषांत ते बरेचदा कमी आढळते; वजन उतरले की वाढते. म्हणजे दिवसभर गादीवर बसणाऱ्याने तुपातले चार लाडू खाल्ले, तर तो दुसऱ्या अध्यायाच्या नावाखाली सहावा अध्याय जगतो. शेतात राबणाऱ्या किडकिडीत माणसाला मी लाडू खाऊ नका म्हणत नाही.

पुड्यांचे मात्र जपून. बोस्टन परिसरातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. शिवाय ताठरता कमी होणे ही कधी कधी हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याची पहिली खूण असते. पुडीत वर्ष घालवले तर ती हातची जाते.

टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी करतात. कमी आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. येताना शुगरचे जुने रिपोर्ट आणा, आणि सध्या जी पुडी चालू असेल तीही आणा.