लेणी कुणी कोरली? बौद्ध कलेच्या शैली आणि त्यामागचे हात

लेणी पाहायला गेलो की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ही कोणत्या राजाच्या काळातली? सातवाहन, वाकाटक ही नावे आपल्याला पाठ असतात. छिन्नी कोणाच्या हातात होती, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. काही ठिकाणी याचे उत्तर दगडावरच कोरलेले आहे.

दगडावरची नावे

पितळखोरा येथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर लेख आहे : ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याने आपले नाव कोरून ठेवले आहे. कार्ले येथील चैत्यगृहाचे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले, असे तिथला लेख सांगतो. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलेल्या कोरीवकामाची नोंद आहे. हे सगळे कसबी लोक.

शैली कशी घडते?

हे व्यवसाय लक्षात घेतले की शैली समजू लागते. सांचीच्या तोरणावर इंचभर जागा मोकळी नाही. हस्तिदंतावर बारीक काम करणाऱ्यांचा हात तिथे ओळखू येतो. कार्ल्याच्या छताला आजही लाकडी कमानी आहेत, कारण लेण्यांची रचना लाकडी इमारतींवरून आलेली आहे.

बुद्धमूर्तींचेही तसेच. गांधार शैलीतली मूर्ती बहुधा करड्या शिस्ट दगडाची असते. जाड चिवराच्या खोल चुण्या आणि लाटांसारखे केस ही तिची खूण, त्यावर ग्रीक-रोमन वळणाची छाप आहे. मथुरेची मूर्ती लाल वालुकाश्माची, भरदार बांध्याची, बहुधा एक खांदा उघडा असलेली. पाचव्या शतकातल्या सारनाथच्या मूर्तीत चिवर अंगाशी एकजीव होते आणि नजर खाली झुकते. यातली कोणती 'खरी', हा वाद व्यर्थ आहे. प्रत्येक प्रदेशातल्या माणसांनी आपल्या दगडात तथागतांना पाहिले.

अजिंठ्याचे अनाम चित्रकार

अजिंठ्यात १६ क्रमांकाचे लेणे देणारा मंत्री वराहदेव आणि २६ क्रमांकाचे लेणे करवून घेणारा भिक्खू बुद्धभद्र ही नावे लेखांतून कळतात. चित्रकारांची नावे मात्र हरवली. त्यांचे काम समोर आहे : खडबडीत भिंतीवर भुसा, गवत मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना हे जवळपासचे. निळ्यासाठी लाजवर्द हा दूरवरून आणलेला दगड.

आजचे कलावंत

नागपुरात १९६१ मध्ये जन्मलेले चित्रकार सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य माणूस, देवदासी असे विषय रंगवले. त्यांच्या जाड, तुटक रेषांत अजिंठ्याची कोमलता शोधली तर निराशाच पदरी येईल. ती रेषा खरखरीत आहे, कारण ती ज्या जगण्याबद्दल बोलते तेच तसे होते.

पाहताना काय विचारावे?

कोणतीही कलाकृती पाहताना तीन प्रश्न पुरेसे आहेत. ती कशाची केली आहे? ती करणाऱ्याचा हात कोणत्या कामात मुरलेला होता? आणि त्याचे नाव कुठे नोंदवले आहे का?

तिसरा प्रश्न आपल्या वस्तीलाही लागू आहे. विहाराच्या भिंतीवर बुद्धांचे चित्र काढणारा पेंटर, जयंतीच्या मिरवणुकीचा देखावा उभारणारे हात, बाबासाहेबांचा पुतळा घडवणारा मूर्तिकार यांची नावे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतात? देणगीदारांच्या नावांची पाटी आपण आठवणीने लावतो. तिच्यावर कलावंतासाठीही एक ओळ असावी. कण्हदासाचे नाव दोन हजार वर्षे टिकले, कारण ते कोरले गेले.