खिंड मिटण्यापूर्वी

चंडीगडला बर्फ पडत नाही. पौषात तेथे उतरते ते धुके, मालमोटारीचे दिवे पेटलेले असूनही पुढची गाडी दिसू नये इतके दाट. परंतु येथून लेहकडे माल नेणाऱ्या चालकांची खरी गाठ हिवाळ्याशी पडे ती सुमारे तीनशे किलोमीटरांवरील मनालीच्याही पलीकडे, ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीत.

लडाखला जाणारे दोन मोटाररस्ते, एक श्रीनगरहून झोजी ला ओलांडणारा व दुसरा, पुष्कळ नंतर झालेला, मनालीचा. दोन्ही हिमवर्षावाने कित्येक महिने बंद पडत. विमाने होती; १९६२ च्या ऑक्टोबरात चुशूलसाठी रणगाडेदेखील चंडीगडहून विमानानेच गेले. पण अख्ख्या प्रांताची चूल विमानावर पेटत नाही. म्हणून धान्य, रॉकेल, डिझेल यांचा साठा खिंड मिटण्यापूर्वीच वर चढवावा लागे. कोकणात आगोटीला घर भरतात, तशीच ही बेगमी.

शेवटच्या फेऱ्या कसोटीच्या. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण साकळते, गाळणी तुंबते आणि इंजिन मुके होते. मग कोणी डिझेलात रॉकेल मिसळी, कोणी रात्रभर इंजिन चालूच ठेवी, तर कोणी चक्क टाकीखाली जाळ धरी. याला धाडस म्हणावे की नाइलाज, हे ज्याचे त्याने ठरवावे. रोहतांगनंतरची बारलाचा ला तर सुमारे ४,८९० मीटर उंच. तेथे दुरुस्तीला थांबावे, तर विरळ हवेत हातपाय साथ देत नाहीत. न थांबावे, तर गाडी पुढे जात नाही. फेरी सोडली तर भाडे बुडते, केली तर मालासकट बर्फात अडकण्याचे भय.

२०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने उणे ३३ अंश सेल्सियसपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल लडाखसाठी आणले. ते तयार झाले पानिपतच्या कारखान्यात. १७६१ च्या जानेवारीत, रसद तुटल्यामुळे, जेथे मराठी फौज उपाशीपोटी लढली, त्याच परिसरातून हिमालयाची हिवाळी रसद निघावी, ही गोष्ट मराठी श्रोत्याच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.

३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांगचा धाक सरला. बारलाचा ला मात्र अजूनही हिवाळ्यात मिटते. दुसऱ्या वाटेवरील शिंकू ला बोगद्याचा पहिला सुरुंग जुलै २०२४ मध्ये उडाला.